केसांकडून हरकत नाही

सोलापूरच्या दवाखान्यात माझ्या डोक्यावर दोन हजार केस लावून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद माझ्या हातात दिला आणि आठव्या कलमावर पेनानं खूण केली. "काका, हे नीट वाचा. दहा दिवस शारीरिक संबंध नकोत. रक्तदाब वाढतो, घाम येतो, कुणाचा हात लागतो. मुळांनी अजून जागा धरलेली नसते."

मी म्हणालो, "मॅडम, माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली."

"अच्छा, मग काही प्रॉब्लेमच नाही," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

प्रयाग गेल्यापासून लोकांनी मला खूप काही ऐकवलं होतं. कुणी म्हणालं देवाची मर्जी, कुणी म्हणालं सुटली बिचारी. काही प्रॉब्लेमच नाही असं म्हणणारं माणूस मात्र पहिल्यांदाच भेटलं.

आता छप्पन्न वर्षांच्या माणसानं, तेही एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक असलेल्या माणसानं, डोक्यावर केस कशाला लावून घ्यावेत, हे सांगायला पाहिजे. कारण एक फोटो.

माझी मुलगी निकिता पुण्यात नोकरी करते. ती रोज फोन करून विचारायची, "पप्पा, काय खाल्लं?" मी रोज वेगळी भाजी सांगायचो. एकदा ती न कळवता आली. तिनं फ्रिज उघडला, तर फ्रिजचं बटण बंद होतं आणि आत माझी छत्री ठेवलेली होती. फ्रिजमध्ये छत्री बरी राहते, बाहेर कुणीतरी उचलून नेतं. पण निकिता खाली बसून रडली आणि तिनं माझं दुसरं लग्न करायचं ठरवलं. मला ते पटलेलं नव्हतं. पण नाही म्हणायला जोर लागतो, तो माझ्यात उरला नव्हता.

तिनं पाहुण्यांच्या ग्रुपवर माझा जो फोटो टाकला तो बारा वर्षांपूर्वीचा. त्यात माझ्या डोक्यावर भरपूर केस आहेत. तो फोटो लोहाऱ्याजवळच्या माकणीपर्यंत गेला. तिथं ज्ञानोबा म्हणून ऊसवाले शेतकरी आहेत. त्यांची धाकटी बहीण गोकर्णा अठ्ठेचाळीस वर्षांची, अकरा वर्षांपासून विधवा, मूलबाळ नाही, भावाकडंच राहून ब्लाउज शिवून पोट भरणारी. आम्ही बघायला गेलो. मी टोपी घालून गेलो आणि टोपीतच परत आलो. आमच्याकडं माणसाला कुणी टोपी काढ म्हणत नाही. कित्येकांचं टक्कल त्यांच्या मयतीलाच गावाला कळतं. गोकर्णाबाईंनी चहा दिला, मी बघितलं, त्यांनी बघितलं. संध्याकाळी होकार आला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, असं ठरलं.

परतीच्या गाडीत मला घाम फुटला. होकार आला तो फोटोतल्या माणसाला. पाटी लोहाऱ्याची आणि गाडी उमरग्याला गेली, तर प्रवासी कुणाची गचांडी धरतात हे मला बत्तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलेलं आहे. म्हणून सोलापूर. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, केस खरे उगवायला चार-सहा महिने लागतात. मी म्हटलं, निदान सुरुवात तरी दिसेल. कुणालाही सांगितलं नाही, निकितालाही नाही. नवरात्रातल्या पंचमीला केस लावले. सैल कापडी टोपी वरून घालून घरी आलो.

इथपर्यंत कुणालाच काही प्रॉब्लेम नव्हता. प्रॉब्लेम रजेच्या अर्जापासून सुरू झाला.

आमच्या ऑफिसात शांतलिंग नावाचा क्लार्क आहे. माणूस सज्जन, पण कागद असल्याशिवाय त्याला समोर उभा असलेला माणूससुद्धा दिसत नाही. मी आठ दिवसांची आजारी रजा मागितली.

"आजार काय?"

"खासगी आहे."

"खासगी आजाराला पण कागद लागतो. झेरॉक्स लावा. विभागाला जाणार हाय ती फाइल."

आता तो कागद जसाच्या तसा कसा लावणार? वरती मोठ्या अक्षरात 'केशरोपणानंतर घ्यावयाची काळजी' असं छापलेलं. खाली पहिली चार कलमं केसांचीच. शांतलिंगनं वाचलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या फलाटांनी माझं डोकं बघून घेतलं असतं. मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो, कोरी चिठ्ठी कापली, मथळा आणि चार कलमं बरोबर झाकली आणि प्रत काढली. काय झाकायचं ते मी दोनदा तपासलं. काय उघडं राहिलं ते वाचलं नाही. चष्मा घरी होता.

अर्जाला ती प्रत जोडून पाकीट तयार केलं. खळीची बाटली वाळून गेलेली होती, म्हणून पाकीट न चिकटवता नुसतं दुमडलं आणि लोहाऱ्याच्या गाडीच्या वाहकाजवळ दिलं. म्हटलं, वाटेत धाराशिवला विभागात टाक. इतकी वर्षं आमचं टपाल असंच जातं. तोंड उघडं असलेलं पाकीट आणि एसटीतला दोन तासांचा प्रवास, यांच्यामध्ये माणसाचा संयम किती टिकणार? मी त्या वाहकाला दोष देत नाही. मीही वाचलं असतं.

सप्तमीला ज्ञानोबांचा फोन. "पाव्हणं, लग्न दसऱ्याला उरकू. दिवाळीनंतर आमची ऊसतोड लागतीय, मला टायम न्हाय. आन दसरा म्हणजे मुहूर्त बघायचं कामच न्हाय."

मी बोटं मोजली. पंचमी ते दशमी, पाचच दिवस. म्हणालो, "मला जरा बरं नाही हो."

"काय होतंय?"

काय होतंय ते सांगता येत असतं तर हे सगळं झालंच नसतं. म्हणालो, "काही नाही. येतो दसऱ्याला."

लग्न माकणीच्या देवळात, पंचवीस माणसांत झालं. ज्ञानोबा फेटा घेऊन उभे राहिले. नऊ वार कापड माझ्या दोन हजार केसांवर आवळून बांधायचा त्यांचा विचार होता. मी म्हणालो, फेटा न बांधण्याचा नवस आहे. कुठल्या देवाचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, घरचा. अक्षता पडायला लागल्या, तेव्हा एकेक तांदूळ टोपीवर पडताना मला आतून ऐकू येत होता. निकिता डोळे पुसत होती. तिला वाटलं, पप्पांना मम्मीची आठवण आली. ती तर आलेलीच होती. पण त्या वेळी मी मनात कलम क्रमांक दोन म्हणत होतो. 'लावलेल्या भागास कोणत्याही वस्तूचा मार लागू देऊ नये.'

दुसऱ्या दिवशी निकिता पुण्याला गेली आणि घरात आम्ही दोघं राहिलो. आता आठव्या कलमाचं काय करायचं? तुळजापूरच्या देवीनं मला वाट दाखवली. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की देवी पलंगावर निद्रेला जाते, ती कोजागिरीला उठते. पाच दिवस. माझेही पाचच राहिले होते. मी गोकर्णाबाईंना म्हणालो, "आमच्या घराण्यात देवी उठेपर्यंत नवरा-बायको वेगळे झोपतात. तुम्ही आतल्या खोलीत झोपा. मी इथं आरामखुर्चीत."

"खुर्चीत कशाला? खाली गादी टाकते की."

पाचव्या कलमात पंचेचाळीस अंशात पाठ ठेवून झोपायला सांगितलं होतं. मी म्हणालो, "खुर्चीतच. तशीच रीत आहे."

"असं व्हय," एवढंच म्हणून त्या आत गेल्या आणि पलंग रिकामा ठेवून खाली गादीवर झोपल्या.

सकाळी शेजारच्या बानूबाईला हे कळलं. कसं कळलं ते विचारू नका. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. बानूबाई सत्तरीची, मला लहानपणापासून ओळखणारी. दारातच उभी राहून म्हणाली, "बलभीम, कुणी सांगितलं रं तुला असलं? माझं लगीन दसऱ्यालाच झालंय. माझा थोरला त्याच निद्रेतला हाय!"

पुढच्या गल्लीत महालिंगप्पांचं किराणा दुकान आहे. ते मला एका बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बलभीमराव, वयाचं काही नसतं. मनावर घ्यायचं." आणि न मागता खारीक, डिंक आणि कसली तरी काळी डबी पिशवीत टाकली. मग आत तोंड करून बायकोशी कानडीत काही तरी बोलले. मला कानडी येत नाही. पण आतून जे हसू आलं ते मराठीतच होतं.

मी ते सगळं सहन केलं. माणूस एकदा केसांपायी खोटं बोलायला लागला की स्वाभिमान नावाची वस्तू त्याला घडी घालून ठेवावी लागते. मी रोज सकाळी दार लावून बाटलीतून डोक्यावर औषधी पाणी फवारायचो, टोपी चढवायचो आणि बाहेर यायचो. गोकर्णाबाई चहा द्यायच्या. मी "तुम्ही घेतला का?" विचारायचो. त्या "घेते" म्हणायच्या. एवढाच आमचा संसार चालला होता. एकदा त्यांनी विचारलं, "तुमाला माझ्या हातचं आवडत न्हाय का?" मी म्हणालो, "आवडतं की." तो प्रश्न जेवणाचा नव्हता, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला ज्ञानोबा दारात. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. खिशातून मोबाइल काढला. मी झाकून काढलेल्या त्या झेरॉक्सचा फोटो त्यात होता. लोहाऱ्याच्या गाडीनं तो माकणीपर्यंत पोचवला होता. आमच्या दारात माणूस उभा राहून बोलतो आहे म्हटल्यावर बानूबाई आलीच. महालिंगप्पा दुकान उघडं टाकून आले.

ज्ञानोबांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "पाच. पंचेचाळीस अंशात झोपावे."

"हार्ट!" महालिंगप्पा म्हणाले. "माझ्या मेव्हण्याला असंच सांगितलं होतं."

"सहा. वाकू नये, ओझे उचलू नये."

"हार्ट न्हाय, हर्निया," बानूबाई म्हणाली.

"सात. घाम येईल असे काम करू नये. आठ..." इथं ज्ञानोबा थांबले. बहीण दारात उभी होती. त्यांनी आठवं कलम मनातल्या मनात वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "नऊ. रक्तस्राव झाल्यास ताबडतोब दवाखान्यात यावे."

महालिंगप्पांनी मेव्हणा मागं घेतला. मी तो कागद तेव्हा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या कानानं ऐकला. खरं सांगतो, मलासुद्धा त्या माणसाची काळजी वाटली.

"पाव्हणं, आजार लपवून लगीन केलंत," ज्ञानोबा म्हणाले. "फोनवर विचारलं व्हतं म्या, काय होतंय म्हणून. गोकर्णा, पिशवी भर. एकदा भोगलंयस, तेवढं बास."

गोकर्णाबाई पिशवी भरायला गेल्या नाहीत. त्या माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "तुमाला काय झालंय? खरं सांगा. किती दिवसाचं हाय?"

त्यांचा चेहरा मी ओळखला. तीन वर्षांपूर्वी अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर भिंतीवर एक आरसा होता. त्यात मी हा चेहरा रोज बघत होतो. या बाईला मी चार दिवस खुर्चीत बसून पुन्हा त्याच दाराशी उभं केलं होतं.

मी टोपी काढली.

कपाळापासून टाळूपर्यंत ओळीनं खपल्या होत्या. प्रत्येक खपलीत तांदळाएवढा एक केस उभा. मथळ्यासकट अख्खा कागद मी आतून आणला आणि ज्ञानोबांच्या हातात दिला. ते वाचेपर्यंत बानूबाई जवळ येऊन बघून गेली.

"अगं बया," ती म्हणाली, "कांद्याचं रोप लावल्यागत दिसतंय!"

महालिंगप्पांनी चष्मा वर करून दोन ओळींतलं अंतर पाहिलं. "एकसारखं लावलंय पण. बायामाणसांना जमतंय हे, गड्याचं काम न्हाय."

ज्ञानोबांनी कागद खाली ठेवला. बराच वेळ माझ्या डोक्याकडं शेतकऱ्याच्या नजरेनं बघत राहिले. मग गंभीरपणानं विचारलं, "पाणी कितव्या दिवशी द्यायचं ह्याला?"

मग जे हसू सुटलं ते गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं. मी छप्पन्न वर्षांचा माणूस, डोकं उघडं टाकून मधोमध उभा. गोकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, मग त्याच पदरानं डोळे पुसायला लागल्या आणि आत गेल्या. मी मागं गेलो.

"फोटो जुना होता," मी म्हणालो. "तुमची फसवणूक नको म्हणून..."

"फोटोत मागं भिंतीवर कॅलेंडर हाय. साल दिसतंय त्याच्यात," त्या म्हणाल्या. "बारा वर्सांत माणसाचं काय होतंय ते मला कळत न्हाय व्हय?"

ज्ञानोबा जेवून गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोक्यापासून जपून.

दुसऱ्या दिवशी कोजागिरी. देवी उठली. माझे दहा दिवस पूर्ण झाले. मी डोकं सांगितल्याप्रमाणं हलक्या हातानं धुतलं, खपल्या निघून गेल्या. दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी फोटो मागवून बघितला. "छान आहे, काका. मुळं धरलीत. आता काही बंधन नाही. फक्त महिनाभर केस कुणी ओढायचे नाहीत, जोरात घासणं नको. सुरुवात सावकाश करा."

मी म्हणालो, "मॅडम, आणखी आठ दिवस थांबलं तर जास्त बरं नाही का?"

"गरज नाही."

"काळजी म्हणून. वय आहे माझं. तुम्ही तसं लिहून दिलंत तर..."

"काका, केसांकडून काही हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

देवीची हरकत नाही, डॉक्टरची नाही, मेव्हण्याची नाही. बानूबाई आणि महालिंगप्पांची तर पहिल्या दिवसापासून नव्हती. तरी मी खुर्चीतच झोपलो. पुढचे चार दिवस झोपलो.

पाचव्या दिवशी सकाळी गोकर्णाबाई भाकरी थापत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "डॉक्टरीण काय म्हणाली?"

"आणखी आठ दिवस थांबा म्हणाली."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "म्या फोन केला व्हता. कागदावर नंबर हाय."

मी पाटावर बसलेला होतो, नाहीतर बसावं लागलं असतं.

"ती म्हणाली, कोजागिरीलाच मोकळं केलंय काकांना. लई चांगली पोरगी हाय. मला म्हणाली, काकू, केस ओढू नका." त्यांना हसू आलं, पण ते लगेच थांबलं. "आता केसाचं कारण संपलं. देवीचं संपलं. मी नको असंन तर तसं सांगा. माकणीला माझी मशीन हाय, मला काय कमी न्हाय. पण रोज नवं कारण नको."

मला बोलायला येत नाही. स्टँडवर माइकवरून बत्तीस वर्षं बोललो, पण ते गाड्यांबद्दल. मी म्हणालो, "आतला पलंग आहे ना. भिंतीकडची बाजू प्रयागची. तीन वर्षं मी माझ्याच अर्ध्यात झोपतो. झोपेतसुद्धा तिकडं जात नाही. त्या बाजूला कुणी आलं तर ती गेली हे पक्कं होईल, असं वाटतं. तुमच्यात काही कमी नाही."

भाकरी करपायला लागली. त्यांनी ती उलटली नाही.

"आमच्या ह्यांचं ताट मी दोन वर्सं वाढत व्हते," त्या म्हणाल्या. "दादा बघायचा, काय बोलायचा न्हाय." मग भाकरी काढली, बाजूला ठेवली आणि हात पुसले. "मी प्रयागताईंच्या जागेवर न्हाय झोपायची. तिथं तुम्ही झोपा. भिंतीकडं. तुमची बाजू मला द्या."

मी हा विचार कधी केलाच नव्हता. तीन वर्षांत पलंगाचं गणित मी शंभर वेळा मांडलं होतं आणि प्रत्येक वेळी तिच्या जागेवर दुसरं कुणीतरी येत होतं. मी स्वतः तिथं जाऊ शकतो, हे मला सुचलं नव्हतं.

"बरं," मी म्हणालो. "तुला चालेल ना?"

"मला 'तू' म्हणालात," त्या म्हणाल्या आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

त्यापुढचं सांगण्यासारखं काही नाही. डॉक्टरीणबाईंनी सावकाश म्हटलं होतं, आम्ही सावकाशच घेतलं. प्रयागच्या जागेवर झोपल्यावर मला पहिल्यांदा खिडकी दिसली. आमच्या पलंगावरून लिंबाचं झाड दिसतं हे मला माहीत नव्हतं. ती रोज ते बघत असणार.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण तीन आठवड्यांनी माझे केस गळायला लागले. एक-दोन नव्हे, लावलेले सगळे. सकाळी उशीवर केस, टोपीत केस, वहीवर केस. मी घाबरून दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच असतं. वरचे केस पडतात, मुळं आत राहतात, चार महिन्यांनी नवे येतात. कागदावर मागच्या बाजूला लिहिलं आहे. मागची बाजू मी वाचली नव्हती.

पण हे गावाला कोण सांगणार? गावाला आठवं कलम तोंडपाठ होतं. बानूबाईनं अंगणात माझं डोकं बघितलं, हातातला झाडू थांबवला, बोटांवर दिवस मोजले आणि कपाळावर हात मारला. "दम धरायचा की रं बलभीम जरा!" महालिंगप्पांनी दुकानातून हात जोडून नमस्कार केला. लोहाऱ्याच्या गाडीचा वाहक फलाटावर उतरला, माझ्या डोक्याकडं बघितलं आणि मला हात वर करून सलाम ठोकला. शांतलिंगनं तर कागदही मागितला नाही. नुसता म्हणाला, "साहेब, अभिनंदन."

मी घरी येऊन गोकर्णाला सांगितलं. म्हणालो, उद्या तो कागद स्टँडवरच्या नोटीस बोर्डावर दोन्ही बाजूंनी लावतो. केस गळण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे लोकांना कळलं पाहिजे.

ती माकणीहून आणलेल्या शिवणाच्या मशीनवर होती. दोरा दातानं तोडला, माझ्या डोक्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. येवढं तरी खरं बोलू द्या लोकास्नी."

मी कागद घडी करून फ्रिजवर ठेवला आणि उघड्या डोक्यानं दुपारच्या ड्यूटीला गेलो.